या पत्त्यावर या नावाची कोणी नाही

माझं मशीन न्यायला माणसं आली तेव्हा त्यावर एका जवानाचं नाव अर्धं भरून झालं होतं.

झाशीत लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. बाहेर ‘कंप्यूटर कढ़ाई’, म्हणजे मशीनवरचं भरतकाम, अशी पाटी, आत एक मशीन, एक स्टूल आणि भिंतभर धाग्यांची रिळं. बबीन्याच्या लष्करी छावणीत गणवेश शिवणारे शिंपी मला नावपट्ट्यांचं काम देतात. जवानांच्या छातीवर खिशाच्या वर असते ती अरुंद पट्टी. शाळेच्या ब्लेझरचे बिल्ले आणि लग्नातल्या रुमालांवरची अक्षरंही येतात, पण पोट भरतं ते नावपट्ट्यांवर. दिवसभर मी दुसऱ्यांची नावं काढते. माझ्याच नावापायी ते मशीन जाईल असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दोघंजण होते. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात मोबाईल, आणि गल्लीच्या तोंडाशी टेंपो उभा. कागदवाल्याने एक नाव वाचलं. ते माझं लग्नाआधीचं नाव होतं, पुढे लावलेल्या कुमारीसकट. इतक्या दिवसांनी ते ऐकून क्षणभर मला चक्क बरं वाटलं.

“मैं ही हूँ,” मी म्हटलं.

“आधार दिखा दीजिए.”

दाखवलं. आधारवर नाव वेगळं, आडनावही वेगळं. त्याने कागद पाहिला, मला पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, “मैडम जी, आप तो पार्टी ही नहीं हैं. किस्तें रुकी हैं, नोटिस भी गया था. जिनका लोन है, बात उन्हीं से होगी.”

“तो मशीन कैसे ले जा रहे हो?”

“मशीन उन्हीं की है न. उनका लोन, उनकी मशीन.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी समोर उभी होते, स्टुलाला माझ्या बसण्याने खळगा पडला होता, आणि हा माणूस मला सांगत होता की मी नाही. मी म्हटलं, निदान हे नाव तरी पूर्ण होऊ द्या, पट्टी फ्रेममध्ये ताणलेली आहे. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. कागदवाल्याने बटण बंद केलं. सुया जिथल्या तिथे थांबल्या. दुसरा मोबाईलने मशीनचे फोटो काढता काढता मला कौतुकाने विचारतो, “ये हिंदी में भी लिखती है?”

“गालियाँ भी लिखती है,” मी म्हटलं.

ते हसले, मशीन उचललं आणि गेले. फ्रेम, पट्टी, अर्धं नाव, सगळं त्याच्याबरोबर गेलं. जमिनीवर मशीनच्या पायांचे चौकोन तेवढे स्वच्छ राहिले.

आता हे नावाचं प्रकरण सांगते. झाशीत मराठी घरं थोडी, आणि ती आपापल्या रीती घट्ट धरून आहेत. शेजारच्या हिंदी घरांतल्या मुली लग्नानंतर फार तर आडनाव बदलतात. आमच्याकडे पहिलं नावही बदलतं. सासरच्या उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आले, देवापुढे बसले, ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी ठरवलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. नाव वाईट नव्हतं, पण ते माझं आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले. सुरुवातीला सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आणि मी शांतपणे पेपर वाचत बसलेली असायचे. शेजारची बुंदेली काकी तर मला थेट विचारायची, “काए बिन्नू, इत्तो नोनो नाव हतो तुमाओ, काए बदल दओ?” इतकं छान नाव का बदललं, याचं तिला काय सांगणार? मी हसून वेळ मारून नेत असे.

मशीनचं कर्ज मी लग्नाआधी घेतलं होतं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या हिमतीवर. जोवर कर्ज फिटत नाही तोवर मशीन कर्ज देणाऱ्या कंपनीकडे तारण, पण वापरायचं मी, असा करार. हप्ता दर महिन्याला बँकेच्या खात्यातून आपोआप जायचा. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने माझं आधार बदलून आणलं. एका ओळखीच्या अधिकाऱ्याने सही केलेल्या कागदावर ते काम झालं, आणि त्या कागदावर नुसतं नवं नाव होतं, जुन्याचा मागमूस नाही. मग त्या आधारवरून बँकेचं खातंही नव्या नावाचं झालं. कंपनी पैसे मागायची जुन्या नावाने. बँक म्हणायची, अशी बाई आमच्याकडे नाही. हप्ते परत जायला लागले. मला पत्ताच नाही! खात्यात शिल्लक वाढत होती आणि मी मनात म्हणत होते, लग्न मानवलं.

कंपनीचे मेसेज माझ्या जुन्या नंबरवर जात होते. तो फोन मी माहेरी मम्मीला दिला होता. मम्मी इंग्रजी मेसेज दिसला की न वाचता पुसते. तिच्या मते ते सगळे फसवणूक करणाऱ्यांचे असतात, आणि दहातले नऊ असतातही.

मशीन गेलं त्याच दुपारी मी कंपनीच्या शाखेत गेले. माझे यजमान बबीन्याच्या एका शाळेत गणित शिकवतात. ते फोनवर म्हणाले, थांब, शनिवारी दोघं जाऊ. मी थांबले नाही. काचेच्या खोलीत एक तरुण मॅनेजर होता, केस चापूनचोपून बसवलेला. त्याने मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की खातेदाराची माहिती तो परक्या व्यक्तीला देऊ शकत नाही.

“फ़ाइल में फ़ोटो तो मेरी ही है,” मी म्हटलं.

त्याने फाइल उघडली. फोटोतली मी माझ्याकडे बघत होते, दोन वेण्या घातलेली. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं. “मिलती तो है,” तो म्हणाला. “बहन भी हो सकती हैं.”

मला बहीण नाही. मी तसं सांगितलं. आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या टेबलावरची माणसं काम थांबवून बघायला लागली.

मग त्याने बहुधा मला गप्प करायला फाइलमधून एक पाकीट काढून पुढे सरकवलं. मशीन उचलण्याआधी पाठवलेली नोटीस. पाकिटावर माझं जुनं नाव आणि खाली माझ्या सासरचा पत्ता होता. लग्न झाल्यावर मीच फोन करून पत्ता बदलवला होता. नावाचं काही बोलले नव्हते, कारण फोनवरच्या मुलीने ते विचारलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. पाकिटावर पोस्टमनने शेरा मारला होता: इस नाम की यहाँ कोई नहीं रहती.

“हमने अपना काम किया,” मॅनेजर म्हणाला. “जो नाम मालूम था, जो पता मालूम था, वहाँ भेजा. अब आप कहती हैं वो आप हैं. कंपनी को तो नहीं पता था न.”

मी मोबाईलने पाकिटाचा फोटो काढून घेतला. तो शेरा पोस्टमनच्या अक्षरात होता, पण वाक्य कुणाचं ते मी ओळखलं. पोस्टमन येतो त्या वेळेला आमच्या ओसरीवर एकच माणूस असतं.

मी घरी पोचले तेव्हा सासूबाई ओसरीवर बसून आलं निवडत होत्या. बरुआसागरहून त्यांची भाची पिशवीभर आलं पाठवते, ते वर्षभर पुरेल असं वाळवायचा त्यांचा उद्योग असतो. मी चपला काढल्या नाहीत.

“आई, माझ्या जुन्या नावाचं रजिस्टर पत्र आलं होतं?”

“आलं होतं.” हात थांबला नाही.

“तुम्ही परत पाठवलंत?”

“पोस्टवाल्या भैयाने विचारलं, ये कौन हैं. मी म्हटलं, इस नाम की यहाँ कोई नहीं रहती. खोटं का बोलले मी?”

“ते माझं नाव होतं, आई.”

“होतं,” त्या म्हणाल्या. “ताटात तांदूळ पसरले तेव्हा संपलं ते. कुमारी म्हणून लिहिलेलं होतं वर. सून झाल्यावर कुमारीची पत्रं घेतात होय कुणी? लोक काय म्हणतील!”

मी इथे प्रामाणिकपणे सांगते, मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, त्या नावाचं मशीन होतं, ते आज गेलं. त्या नावाचं दुकान आहे, ते उद्या जाईल. तुम्ही ठेवलेल्या नावाच्या बाईकडे काहीच नाही, एक सुईसुद्धा नाही. दोन मिनिटांनी यजमान सायकल आत घेत आले, दोघींची तोंडं बघितली आणि चहा करायला गेले. गणिताचा माणूस, पण घरातल्या बेरजेत तो कधीच पडत नाही.

सासूबाई उठून आत गेल्या. निवडलेलं आलं तसंच सुपात राहिलं. त्या रात्री आम्ही एकमेकींकडे न बघता एकमेकींना वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेले. त्यांच्या नातवाच्या ब्लेझरवर मी बिल्ला काढला होता, एवढीच ओळख. कचेरीसमोर झाडाखाली त्यांचं टेबल असतं. म्हातारे गृहस्थ, घाई कसली ती माहीत नाही. मी त्यांना म्हटलं की मला कंपनीवर दावा लावायचा आहे. बुडालेल्या कामाची भरपाई पाहिजे, माफी पाहिजे, आणि तो मॅनेजर मला उठून उभा राहिलेला पाहिजे.

ते सगळं ऐकून हसले नाहीत, म्हणून मला आवडले. कागद आणि पाकिटाचा फोटो बघून म्हणाले, “देखो बिन्नू, गिरवी रखके जो पैसा देत है, ऊकी जिम्मेदारी की भी हद होत है. जिसे वो अपना कर्जदार जानती है, खबर उसी को देनी है. जिसे जानती ही नहीं, उसके नुकसान की देनदार कैसे बने? नेकनीयती से जो मालूम था सो किया, यही कहेगी. और ऊपर से ये लिफाफा.”

“पर मैं वही हूँ!”

“तुम जानती हो. हम मान रहे हैं. फाइल नहीं जानती.” त्यांनी फोटोतल्या शेऱ्यावर बोट ठेवलं. “भरपाई के लिए लड़ोगी तो लड़ सकती हो. साल लगेंगे, मिले न मिले. तब तक मशीन बिक जाएगी. बेचने से पहले एक और नोटिस आएगा, इसी नाम से, और ऐसे ही लौट जाएगा.”

मग त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, आणि त्या दिवसापासून मी तिला धरून बसले. विक्री होईपर्यंत थकलेलं भरून मशीन सोडवून घ्यायचा हक्क कर्जदाराचा असतो. कंपनीची चूक असो वा नसो, तिची जबाबदारी कितीही आखूड असो, हा हक्क तिला डावलता येत नाही. पण तो हक्क त्या जुन्या नावाच्या बाईचा. मला आधी ती व्हायला हवं. म्हणजे शपथपत्र, दोन्ही नावं एकाच बाईची असं. आणि साक्षीला असं कुणीतरी, ज्याचं म्हणणं त्या पाकिटावरच्या शेऱ्याला पुरून उरेल.

“जिसने कहा था कि नहीं रहती,” वकील म्हणाले, “वही कहे कि रहती है. उससे बड़ी गवाही कोई नहीं.”

मी परत येताना फार रागात होते. रिक्षात बसले नाही, चालत आले. अन्याय झालाय तो माझ्यावर, आणि मीच सिद्ध करत फिरायचं की मी आहे! पण चालता चालता डोकं जरा थंड झालं तसं आठवलं. मागे बबीन्याहून एक जवान तणतणत दुकानात आला होता, पट्टीवर त्याचं नाव चुकलंय म्हणून. मी त्याला काय म्हटलं होतं? मला शिंप्याने दिलं ते मी काढलं, तुम्हाला मी ओळखत नाही, शिंप्याला पाठवा. तेव्हा ते मला अगदी बरोबर वाटलं होतं. आजही वाटतं. दुनियेतल्या प्रत्येक अनोळखी माणसाला मी बांधील राहिले तर दुकान उघडायलाच नको. कंपनीचंही म्हणणं तेच होतं. मला ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला.

भरपाई सोडायची, माफी सोडायची, मशीन आणायचं. घराच्या वळणावर येईपर्यंत माझं ठरलं होतं. दुकान मी एक दिवसही बंद ठेवलं नाही. मम्मीचं जुनं पायमशीन मागवून घेतलं आणि रुमालांची कामं हाताने, पायाने, जमेल तशी करत राहिले. शिंप्यांना सांगितलं, पट्ट्या उशिरा मिळतील पण मिळतील. एकाने काम दुसरीकडे दिलं. बाकीचे थांबले.

राहिल्या सासूबाई. त्यांना मी विनवणी करणार नव्हते. सकाळी मी नुसतं सांगितलं की शपथपत्र करायचं आहे, वकिलांना तुमची साक्ष पाहिजे, कचेरीत आणि मग शाखेत यावं लागेल. त्यांनी आयुष्यात बँकेची पायरी चढलेली नाही. त्यांची पेन्शन यजमान आणतात, त्या घरी अंगठा उमटवून मोकळ्या होतात.

“म्हणजे मी खोटं बोलले असं लिहून द्यायचं?”

“जे खरं असेल ते लिहून द्या.”

त्यांनी सूप पुढे ओढलं. मी दुकानात निघून गेले. असेच काही दिवस गेले. लिलावाची कुणकुण माझ्या कानावर आली ती मशीन नेणाऱ्या त्या मोबाईलवाल्या माणसाकडूनच. तो स्वतःच्या शर्टावर नाव काढून घ्यायला आला होता, बिचारा मनाने वाईट नव्हता. म्हणाला, पुढच्या आठवड्यात गोदामातला सगळा माल निघणार. मी त्याला सांगितलं, तुझं नाव काढीन, पण माझ्या मशीनवर. मशीन घेऊन ये. तो खाली मान घालून गेला.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन यजमानांना म्हटलं की आता तुम्ही बोला, तुमच्या आई आहेत. ते तोंड उघडणार तोच सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. बाहेर जायची साडी नेसलेल्या, पदर पिनेने नीट लावलेला.

“उद्या किती वाजता उघडतं ते ऑफिस?” त्यांनी विचारलं.

“आई, मग आत्ताच कशाला नेसलीस?” यजमान म्हणाले.

“नेसून बघितली. पिन सापडत नव्हती.” आणि माझ्याकडे न बघता, “तुला त्या नावाने अजून कोण कोण हाक मारतं?”

“मम्मी. भाऊ. शाळेतल्या मैत्रिणी.”

“म्हणजे पुष्कळ आहेत,” त्या म्हणाल्या आणि साडी बदलायला परत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. कचेरीत टाइप करणाऱ्याने साक्षीदाराचं नाव विचारलं. सासूबाईंनी सांगितलं. ओळखपत्र दिलं. वकिलांनी सहज विचारलं, “अम्मा, ये नाम मायके का है कि ससुराल का?”

त्यांनी पदर सारखा केला. “ससुराल का. मायके का दूसरा था.”

“क्या था?”

मी सून होऊन घरात आल्यापासून त्यांचं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं, त्यांच्या मुलानेही नव्हतं, कारण तो एकदम वळून बघायला लागला. त्यांनी सांगितलं. हळू सांगितलं, पण स्पष्ट. मग वकिलांना म्हणाल्या, “किसी ने पूछा ही नहीं इतने साल. उस नाम की एक चिट्ठी भी नहीं आई. आती तो मैं भी लौटा देती.”

टाइप करणाऱ्याला ते लिहायचं नव्हतं, तो बोटं वर धरून थांबला. माझा सगळा राग तिथेच, त्या झाडाखाली, एकदम गळून गेला. मला रडू येत होतं आणि मला ते तिथे येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी स्टॅम्पची तिकिटं आणायला उठले.

शाखेत सासूबाई त्या काचेच्या खोलीत ताठ बसल्या. मॅनेजरने शपथपत्र दोनदा वाचलं. पाकीट काढलं. “अम्मा जी, आपने ही कहा था कि इस नाम की कोई नहीं रहती?”

“कहा था.”

“और अब कहती हैं, रहती हैं?”

“हाँ. मेरी बहू है.” आणि त्यांनी माझं जुनं नाव घेतलं. पहिलं नाव, मग माहेरचं आडनाव, काहीही न अडखळता. म्हणजे त्यांना ते पूर्ण पाठ होतं, पहिल्यापासून. “पहले यही नाम था. नया मैंने रखा. गलती मेरी है, मशीन इसकी है. बेटा, दे दो.”

मॅनेजरने कुठेतरी फोन लावला. बराच वेळ होय-जी, नाही-जी झालं. मग त्याने सांगितलं की सगळे थकलेले हप्ते, दंड, आणि मशीन उचलून नेण्याचा खर्चसुद्धा भरावा लागेल. नेण्याचा खर्च! माझ्या डोळ्यांसमोर माझं मशीन नेलं, त्याचं भाडं माझ्याकडून. मी तोंड उघडलं, पण वकिलांचा शब्द आठवला आणि मिटलं. हप्त्यांचे पैसे तर माझ्या खात्यात तसेच पडून होते. दंडाचे मी ओठ चावून दिले. पावती माझ्या दोन्ही नावांनी करून घेतली आणि यापुढची प्रत्येक नोटीस दोन्ही नावांनी यावी असा अर्ज देऊन त्यावर शिक्का मारून घेतला. मॅनेजर शेवटी दारापर्यंत सोडायला आला, पण तो सासूबाईंसाठी.

मशीन परत आलं तेव्हा त्यावर गोदामाची धूळ बसली होती, एक रीळ तुटलं होतं. फ्रेम तशीच होती. पट्टीवर ती पहिली काही अक्षरं होती, शेवटच्या अक्षरातून धागा लोंबत होता. शिंप्याने सांगितलं, तो जवान आता दुसरीकडे गेला, पट्टी नको. मी सुया साफ केल्या, धागा ओवला, जिथे थांबलं होतं तिथून मशीन सुरू केलं आणि ते नाव पूर्ण केलं. पट्टी दुकानात आरशाच्या कडेला खोचून ठेवली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण? मी सांगते, ओळखीचे नाहीत.

पुढे कर्ज सगळं फिटलं. त्यानंतर एकदा दुकानाला सुट्टी होती, मी आत पोळ्या लाटत होते. ओसरीवर सायकलची घंटी वाजली. पोस्टमनचा आवाज आला, रजिस्टर पत्र आहे, आणि त्याने नाव वाचलं. कंपनीने माझा अर्ज कुठे ठेवला होता कोण जाणे, पत्रावर पुन्हा जुनंच नाव होतं, कुमारीसकट. मशीन आता पूर्णपणे माझं झाल्याचं पत्र होतं ते. मी पिठाच्या हातांनी धावणार होते, पण पाय तिथेच थांबले. मला ऐकायचं होतं.

ओसरीवर सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“हाँ भैया,” सासूबाई म्हणाल्या, “यहीं रहती है.”